बूट पाहायला मुंबईला

माझ्या सासरी कारणाशिवाय कुणी गाव सोडत नसे. कुणाचं लग्न असलं, कुणी गेलं, कोर्टाची तारीख असली किंवा देवाला काही बोललेलं असलं, तर माणसं खामगावची बस धरत आणि काम उरकलं की परत येत. नुसतं काहीतरी पाहायला म्हणून घराबाहेर पडायचं असतं, ही गोष्टच त्या घरात कुणाला माहीत नव्हती. लग्नाला दहा वर्षं होत आली होती आणि खरं सांगायचं तर मीही ती विसरले होते.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हे जळगाव जामोदला शाळेत मास्तर होते. तिथे आम्ही दोन खोल्यांत राहायचो आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुलूप घालून पिंपळगाव राजाला सासरी यायचो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. घरात सासरे, भासरे म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. सुट्टी हा शब्द आमच्या तोंडी असायचा, पण ह्यांची सुट्टी वखराच्या मागे जायची आणि माझी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, कुरडया घालण्यात.

त्या वर्षी हिवाळ्यात माझी मुलगी टायफॉइडनं आजारी पडली. नऊ वर्षांची होती. बरेच दिवस ती अंथरुणावर होती. शाळेत मुलांचं एक मासिक यायचं, त्याचे जुने अंक हे तिला आणून देत. त्यातल्या एकात मुंबईच्या बागेतल्या बुटाचं चित्र होतं. घराएवढा बूट, त्याला खिडक्या, आतून जिना, आणि वरच्या खिडकीतून हात हलवणारी मुलं. ते पान तिनं इतक्यांदा उघडलं की अंक आपोआप तिथेच उघडू लागला. एका संध्याकाळी ताप चढलेला असताना तिनं ह्यांना विचारलं, "बाबा, हा खरा हाय?"

"खरा हाय," हे म्हणाले. "बरी झाली की जाऊ आपन पाह्यले."

तापातल्या मुलाला आपण काय वाटेल ते कबूल करतो. ताप उतरला, तिचे केस गळाले, नवे आले, आणि बापाचा शब्द तिच्याजवळ तसाच राहिला. तिनं हट्ट कधी केला नाही. अधूनमधून फक्त विचारायची, "उन्हाळा केव्हा लागते?" माझ्या धाकट्या मुलाला बुटाचं फारसं काही नव्हतं. तो सहा वर्षांचा होता. त्याला आगगाडीत झोपायचं होतं.

माझा भाऊ मुंबईला छापखान्यात नोकरीला लागला होता. त्यानं ताई, ये म्हणून कधीचा लकडा लावलेला. तेव्हा राहायची सोय होती. अडचण होती ती गाडीची. मे महिना म्हणजे लग्नसराई. मुंबईला कामाला असलेले सगळे वऱ्हाडी तेव्हाच गावी आलेले असतात आणि तेव्हाच परत निघतात. ह्यांनी नांदुऱ्याला स्टेशनवर दोन-तीन खेपा केल्या. आमच्या स्टेशनच्या वाट्याला झोपायच्या जागा मोजक्याच येत. दर खेपेला हे उन्हातून रिकाम्या हातानं परत यायचे, आणि मुलगी दारात उभी राहून काही न विचारता त्यांच्या तोंडाकडे पाहायची. शेवटी शाळेचा निकाल लागायच्या सुमाराला तीन जागा मिळाल्या. आम्हा दोघांना एकेक आणि मुलांना मिळून एक.

आता एकच काम राहिलं होतं, मामाजींना सांगायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे.

"ते मी सांगतो," हे म्हणाले. "तू काही बोलू नोको."

मी तशीही बोलणार नव्हते. मामाजींशी मी समोरून कधी बोललेच नव्हते. काही विचारायचं झालं तर पोरांच्या तोंडून. ते वाईट नव्हते. पण त्यांच्या घशातून नुसतं खाकरल्याचा आवाज आला तरी भासऱ्यांसारखा चाळिशीतला माणूस हातातलं काम टाकून उभा राहायचा. हे शाळेत मुलांना दटावत, पण पिंपळगावला उंबरठा ओलांडला की ह्यांचा आवाज खाली यायचा.

तिकिटं माझ्या ट्रंकेत लुगड्याखाली ठेवून आम्ही पिंपळगावला आलो. मुलांना बजावलं होतं की बाबा सांगेपर्यंत कुणाजवळ काही बोलायचं नाही. मुलीची मला काळजी नव्हती. धाकटा मात्र आजोबा दिसले की ओठ घट्ट मिटून घ्यायचा, आणि त्यानंच कुणालाही संशय आला असता.

पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला हे सांगतील असं मला वाटलं. मी भाकरी वाढत होते. मामाजी बैलाच्या खुराबद्दल बोलले, मग वरच्या वावरातल्या बांधाबद्दल. ह्यांनी एकदा मान वर केली, तोंड उघडलं आणि ताक मागितलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी ताक वाढताना मुद्दाम थांबले, पण ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सकाळी मी जाऊबाईंबरोबर धाब्यावर कुरडया घालत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "औंदा तुह्या हातात जीव नाही. ध्यान कुठं हाय तुह्यं?" सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं होतं. पण मामाजींच्या आधी ते त्यांना कळलं असतं तर त्याचाच बोभाटा झाला असता. मी सोऱ्या घट्ट दाबला आणि म्हटलं, "उन्हानं डोकं दुखते."

गाडीचा दिवस जवळ येत चालला आणि मामाजींनीच एक दिवस जेवताना बोलायला सुरुवात केली.

"थोरल्याच्या पोरीसाठी एक जागा आली हाय," ते म्हणाले. खामगावच्या बाजूचं, तीन-चार कोसांवरचं गाव त्यांनी सांगितलं. घर चांगलं होतं, मुलगा मॅट्रिक झालेला. "पाहुने पुढच्या शुक्रवारी येऊन राह्यले. मास्तर, तुले बसा लागन बोलाले. त्यायच्यात शिकलेले लोक हायेत."

शुक्रवारीच संध्याकाळी आमची गाडी होती.

मी चुलीपाशी होते. तव्यावर भाकरी होती, ती मी उलटायची विसरले.  बाहेरून ह्यांचा आवाज आला, "बरं, बाबा."

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी ह्यांना कापसाच्या कोठीत गाठलं. कापूस कधीच विकला गेला होता, पण खोलीत सरकीचा वास होता आणि ती भट्टीसारखी तापली होती.

"तुम्ही बरं म्हनले," मी म्हटलं.

"मंग काय म्हनू? भावाची पोरगी हाय."

"माहीबी हाय. मी तिच्या वेण्या घातल्या हायेत. पन त्याच दिवशी गाडी हाय, येवढं त सांगता आलं असतं."

"काय सांगू? पोरीले पाहाले पाहुने येतेत अन् मी बूट पाहाले जातो?" त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. "तिकिटं वापस करू. पुढच्या वर्षी पाहू."

"मंग ते तिले तुम्हीच सांगा. कबूल तुम्ही केलं होतं."

मी मोठ्यानं बोलले नव्हते, पण लग्न झाल्यापासून त्यांच्याशी इतकं तुटक कधी बोलले नव्हते. ते बाहेर गेले. उन्हं कलल्यावर मी पाहिलं, ओट्यावर मुलगी चिंचोके घेऊन बसली होती आणि हे तिच्याशेजारी टेकले होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तिनं चिंचोके मुठीत गोळा केले, खाली पाहिलं, आणि म्हणाली, "बरं, बाबा."

त्याच आवाजात. मला तो ओळखू आला आणि ह्यांनाही आला असावा. ते बराच वेळ तिथून उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तरी ह्यांचा पत्ता नव्हता. वावरात असतील म्हणून कुणी काही म्हटलं नाही. मग भासरे वावरातून एकटेच परत आले आणि कळलं की हे तिकडे गेलेच नव्हते. गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेली सायकल जागेवर नव्हती.

त्या दिवसांतलं दुपारचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. गल्लीत कुत्रं दिसत नसे. दाराची कडी हाताला चटका देई. गावात कुणीही कामाशिवाय बारानंतर बाहेर पडत नसे, आणि हे डोक्याला नुसती टोपी घालून सायकलवर कुठेतरी गेले होते. मामाजी ओट्यावर येरझारा घालू लागले. भासरे बसस्टँडवर जाऊन विचारून आले. कुणीतरी त्यांना सकाळी खामगावच्या रस्त्यानं जाताना पाहिलं होतं.

"कशाले गेला असन?" मामाजी कुणाला उद्देशून नाही असं बोलले. "भांडन झालं का काही?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला.  धाकटा माझ्या लुगड्याला धरून उभा होता आणि सारखं विचारत होता, "बाबा कुठं गेले?" मी त्याला मागे ढकललं, पुन्हा जवळ घेतलं.

चार वाजले असतील. एक बैलगाडी दाराशी थांबली. कडबा घेऊन येणाऱ्या एका माणसाला हे नाल्यापाशी बाभळीखाली पडलेले सापडले होते. सायकल बाजूला आडवी होती. त्यानं ह्यांना कडब्यावर घालून आणलं होतं. भासऱ्यांनी आणि त्या माणसानं ह्यांना उचलून आत आणलं. मी कपाळाला हात लावला आणि घाबरले. अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि घाम अजिबात नव्हता. डोळे अर्धवट उघडे होते, पण मी दिसत नव्हते त्यांना. तोंडानं शाळेतल्या मुलांना काहीतरी सांगत होते, ओळीत उभे राहा, पाणी एकेकानं प्या, असं काहीतरी.

गावातले डॉक्टर आले. त्यांनी पाहिलं आणि आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, फक्त मला आणि पुतणीला आत ठेवलं. आम्ही माठातल्या पाण्यात चादरी बुडवून त्यांच्या अंगावर टाकत होतो. चादर टाकली की वाफ आल्यासारखी गरम व्हायची, की दुसरी. पुतणी सुपानं वारा घालत होती. तिच्या हाताला पेटके आले तरी ती थांबली नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "अर्धा-एक तास पाहू. उतरला नाही तर खामगावला न्यावं लागेल." दाराबाहेर मामाजींच्या काठीचा आवाज येत होता. आत येत नव्हते ते. नुसते दारापर्यंत यायचे आणि मागे फिरायचे.

मी त्या तासात कुठल्याही बुटाचा विचार केला नाही. माणूस त्या वेळी कशाचाच विचार करत नाही. पाण्याचा तांब्या, चादर, पिळा, पुन्हा पाणी. मग कधीतरी ह्यांच्या मानेवर मला ओलसर लागलं. चादरीचं पाणी असेल वाटलं. पुसलं, तर पुन्हा आलं. घाम होता. पुतणीनं सूप खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

दिवेलागणीला ह्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मामाजी आत आले, बाजेशी उभे राहिले.

"कुठं गेला होता?"

"पाहुन्यायच्या गावाले," हे अगदी हळू म्हणाले. "ते आता बुधवारी येतेत. शुक्रवारी नाही."

मामाजींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "पोरीवाल्यानं जाऊन दिवस बदलून मागतला? कोनाले इचारलं?"

"कोनालेच नाही."

"काऊन?"

"मले शुक्रवारी मुंबईले जायचं हाय. पोरायले घेऊन. तिकिटं काढली हायेत."

"मुंबईले?" मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. "कोन वारलं?"

"कोनी नाही. तिथं एक बूट हाय, घरायेवढा. पोरीले तो दाखवाचा हाय."

 मामाजी डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "याचा ताप अजून उतरला नाही," आणि बाहेर गेले.

पण रात्री त्यांना खरं काय ते कळलं, कारण धाकट्यानं, आता बाबांनी सांगून टाकलं म्हटल्यावर, आजोबांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यानंतर मामाजी बोलायचेच बंद झाले. ताट समोर आलं की जेवायचे आणि उठून जायचे. जाऊबाई मात्र बोलल्या. दुसऱ्या दिवशी ओसरी सारवताना त्यांनी हातातलं पोतेरं बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "माह्या पोरीच्या सोयरिकीपरीस बूट मोठा झाला का? त्यायनं नाही म्हटलं त गावात काय सांगू मी?"

 त्यांचं चूक नव्हतं. मुलीकडच्यांनी दिवस बदलून मागणं म्हणजे तेव्हा लहान गोष्ट नव्हती. दोन दिवस आम्ही एकाच चुलीवर शेजारी बसून सैपाक केला आणि मीठ दे, लाकूड दे याच्यापलीकडे बोललो नाही.

बुधवारी पाहुणे आले. मुलाचे वडील, आई, मामा आणि मुलगा स्वतः. मुलगा खाली मान घालून बसला होता. हे कपडे करून बाहेर येऊन बसले. चेहरा उतरलेला होता, पण बसले. मी आणि जाऊबाई आतल्या दाराआड होतो. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलणं झालं. मुलाचे वडील अघळपघळ माणूस. ते एकदम मामाजींना म्हणाले, "मास्तर त्या दिवशी सांगत होते. मुंबईत म्हने घरायेवढा बूट हाय. खरं हाय का?"

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं.  मला मामाजींची पाठ तेवढी दिसत होती. पाहुण्यांसमोर पोराला खोटं पाडावं की पोराचं वेड आपलं म्हणावं, हे दोनच रस्ते होते त्यांच्यापुढे. ते खाकरले.

"हाव," ते म्हणाले. "खरा हाय. खिडक्या हायेत म्हने त्याले. आमची पोरं जाऊन राह्यली परवा पाह्यले."

"वा," पाहुणे म्हणाले. "पोरायनं पाह्यलंच पाह्यजे."

मी दाराच्या चौकटीला टेकले. परवानगी मिळाली होती, आणि ती चार माणसांत मिळाली होती, त्यामुळे आता मागे घेता येणार नव्हती. पण ते पुरतं मनात उतरायच्या आत पुतणीला बाहेर बोलावलं. तिला नाव विचारलं, सैपाक येतो का विचारलं, वाचायला एक पोथी दिली. तिनं नीट वाचलं. मग मुलाची आई, जी तोवर गप्प होती, तिनं हसून विचारलं, "अन् तुले पाहाचा हाय का तो बूट?"

हा प्रश्न साधा नव्हता. मुलगी पाहताना विचारलेला कुठलाच प्रश्न साधा नसतो. नाही म्हटलं तर बरं, गप्प राहिलं तर अजून बरं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जाऊबाईंची नखं माझ्या मनगटात रुतली.

"हाव," पुतणी म्हणाली. "मले पाहाचा हाय."

मुलाच्या आईनं नुसतं "असं का" म्हटलं. त्यातून काही कळलं नाही. थोड्या वेळानं पाहुणे उठले. मागून कळवतो म्हणाले आणि गेले.

जाऊबाईंनी पोरीला आत ओढलं. "हाव काऊन म्हनली वं?"

"इचारलं म्हनून. अन् मले खरंच पाहाचा हाय."

जाऊबाईंचा हात उगारलेला होता, तो त्यांनी तसाच खाली घेतला.

त्या संध्याकाळी ह्यांना पुन्हा ताप भरला. डॉक्टर म्हणाले, फार दगदग झाली, आता आठवडाभर हलायचं नाही. ह्यांनी बाजेवर पडल्या पडल्या मला सांगितलं, "तू जाय पोरायले घेऊन." मी म्हटलं, "तुम्हाले असं टाकून?" आणि मनातल्या मनात तिकिटं परत करून टाकली. दोन मुलं घेऊन, एकटी, लग्नसराईच्या गर्दीत मुंबईपर्यंत. आणि इथे ह्यांचं पथ्यपाणी कोण पाहणार? मुलीनं दारातून आमचं बोलणं ऐकलं आणि मागच्या अंगणात निघून गेली.

गुरुवारी सकाळी मी ट्रंकेतून तिकिटं काढत होते. भासरे नांदुऱ्याला परत करायला नेणार होते. जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या.

"तिकीट त्याचं रिकामं हाय ना?"

"हो."

"मंग हिले ने."

मला वाटलं त्या रागानं बोलतायत. पण त्या खाली बसल्या आणि ट्रंकेतली माझी लुगडी उगाच सारखी करू लागल्या. "त्यायले नाही म्हनाचं असन त ते म्हनतीन. या 'हाव'साठीच म्हनतीन. मंग बूट त पाहून येऊ दे. अन् हो म्हनले तरी तिले नंतर कोन नेते मुंबईले? मले नेलं का कोनी?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "मास्तरचं मी पाहतो. तो माह्या पोरासारखा हाय. मी आली या घरात तवा तो पाटी घेऊन शाळेत जात होता."

मामाजींना हे त्यांनीच सांगितलं. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मामाजी बाहेर येऊन भासऱ्यांना एवढंच म्हणाले, "नांदुऱ्यापर्यंत पोचवून दे. डब्यात बसवल्याबिगर वापस येऊ नोको."

शुक्रवारी निघताना हे बाजेवर उठून बसले. मुलगी त्यांच्याजवळ गेली. "तुम्ही येत नाही?" तिनं विचारलं.

"मले चित्रात दिसला हाय," हे म्हणाले. "तू नीट पाहून ये अन् सांग."

नांदुऱ्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन वऱ्हाडं तिथेच उतरली होती, ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं. गाडी आली ती दारापर्यंत भरलेली. आमच्या डब्याच्या दारात माणसं लोंबकळत होती आणि आतून कुणीतरी दार धरून ठेवलं होतं. गाडी तिथे फार थोडा वेळ थांबते. भासरे, जे घरी कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत, ते त्या दारावर मुठी मारत ओरडू लागले. दार उघडेना. त्यांनी धाकट्याला उचलून खिडकीतून आत दिलं. आतल्या एका बाईनं त्याला घेतलं. मग मुलीला. शिट्टी झाली. माझी दोन्ही मुलं गाडीत आणि मी फलाटावर. मी दारातल्या माणसाचा सदरा धरला आणि सोडलाच नाही. भासऱ्यांनी मागून रेटा दिला. मी आत पडले, पुतणी माझ्यावर पडली, आणि गाडी हलली. मुलांपर्यंत पोचायला मला किती वेळ लागला कोण जाणे. धाकटा त्या अनोळखी बाईच्या मांडीवर बसून तिला सांगत होता की त्याचे बाबा आजारी आहेत.

मुंबईची चार दिवसांची हकिकत मोठी आहे, ती इथे सांगत नाही. बुटाचं तेवढं सांगते. भाऊ आम्हाला सकाळीच बागेत घेऊन गेला, तरी बुटापुढे मुलांची रांग लागलेली होती. सगळ्या मुलखाची सुट्टी होती. बूट खरंच होता, पण आमच्या मनात होता त्याहून लहान. मुलीनं मान वर करून पाहिलं. मला धास्ती वाटली, की एवढं सगळं करून आता ही म्हणेल की हाच का तो.

रांगेतून त्यांची पाळी आली तेव्हा रखवालदारानं पुतणीला अडवलं. "फक्त मुलांसाठी आहे," तो म्हणाला. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, नाकात नथणी होती. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "हा लहान हाय. जिन्यात पडन. मी याले धरून नेतो." आणि धाकट्याचा हात धरून त्याच्यासमोरून वर गेली.

मुलगी आधी खाली आली. मी विचारलं, "कसा हाय?"

तिनं विचार केला. "आतून तो बुटासारखा दिसतच नाही," ती म्हणाली. "पन मी पुन्हा जाऊ का?"

ती पुन्हा रांगेत उभी राहिली. मी वर पाहिलं. वरच्या खिडकीत पुतणी होती. धाकटा केव्हाच तिचा हात सोडून पळाला होता, मागची मुलं तिला ढकलत होती, आणि ती खिडकीचे दोन्ही काठ धरून लांब समुद्राकडे पाहत उभी होती. रखवालदारानं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे ती उतरली.

परतीच्या गाडीत गर्दी कमी होती. नांदुऱ्याला उतरलो तर फलाटावर हे स्वतः आले होते. गालफडं बसली होती, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. मुलं त्यांच्या अंगावर धावली आणि दोघंही एकदम बोलायला लागली. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग पुतणीकडे वळून म्हणाले, "त्यायचा निरोप आला. होकार हाय. दिवाळीनंतरची तिथी धरतो म्हनतेत."

तिला कुणी विचारलं नव्हतं, मलाही कुणी विचारलं नव्हतं माझ्या वेळी.  तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "काकू, बस सुटन. चाला."

पिंपळगावच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली. मुलगी तिच्या शेजारी. पुढच्या बाकावर धाकटा ह्यांना सांगत होता की काचेच्या पेटीत एक मासा होता आणि त्यानं तोंड उघडून त्याला काहीतरी म्हटलं. हे विचारत होते, काय म्हटलं. मागे वळून मी पाहिलं तेव्हा मुलगी तिच्या ताईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली होती. पुतणीचे डोळे उघडे होते. गरम वारा सरळ तोंडावर येत होता, तरी तिनं खिडकी लावली नाही.